क्षमा : सोसणे, पुसणे, सोडणे

रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना मी ‘ऋण’ या शब्दापाशी दर वेळी थबकते. मागायची क्षमा, मग ऋण कशाला? मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात इथे ‘देणे’ याच अर्थाचा शब्द आहे आणि क्षमेचे क्रियापद ‘आफिएमी’, म्हणजे सोडून देणे. मराठी बायबलने ते ‘ऋण सोडणे’ असे नेमके पकडले.

संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सोसणे आणि समर्थ असणेही. म्हणून क्षमा, सक्षम, कार्यक्षम ही सख्खी भावंडे. क्षमा हे पृथ्वीचेही नाव. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘माफ’च्या मुळाशी पुसून टाकणे आहे.

सोडायचे तर आधी देणे कबूल हवे. सत्याशिवाय क्षमा म्हणजे नुसती झाकपाक. धाकट्या बहिणीशी धरलेला माझा अबोला ‘माझं चुकलं’ एवढ्या दोन शब्दांनी सुटला. तेव्हा ती प्रार्थना मला खरी कळली.

आज ‘सॉरी’ ओठांवर असते, ‘क्षमस्व’ सूचनाफलकावर. ऋण आणि क्षमा यांचे जुने नाते मात्र एकाच रोजच्या शब्दात टिकून आहे : कर्जमाफी.