कापसाची तार आणि चुकीचा हिशेब

वऱ्हाडच्या कापसाचें भाग्य रुळांइतकेंच तारेनेंही घडविलें. १८६७ सालीं आगगाडी अकोला, बडनेरा या मार्गानें नागपुरास पोहोंचली. १८७० सालीं मुंबई समुद्रतारेनें इंग्लंडशीं जोडली गेली, आणि अमरावतीच्या बाजाराचे कान लिव्हरपूलच्या भावाकडे लागले.

तारेस शब्दागणिक दाम पडे. म्हणून व्यापारी संकेतकोश वापरीत व एका शब्दांत सबंध वाक्य बसवीत. साध्या पत्रांतील चूक वाचक संदर्भानें सांवरून घेतो. संकेतशब्दास मात्र संदर्भच नसतो. १८८७ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रिमरोज नांवाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानें 'खरेदी केली आहे' या अर्थाचा 'बे' हा शब्द तारेनें धाडला. मोर्सच्या लिपींत 'ए' म्हणजे एक टिंब व एक रेघ. 'यू' म्हणजे दोन टिंबें व एक रेघ. एका टिंबानें 'बे'चें 'बाय', म्हणजे 'खरेदी करा', झालें. अडत्यानें लोकर घेतली आणि वीस हजार डॉलरांहून अधिक नुकसान झालें. दीडपट दाम भरून तार उलट वाचून घेण्याची सोय होती. ती त्यानें घेतली नव्हती, म्हणून १८९४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यास केवळ तारेचें मूल्य देवविलें.

पुढील कोशकारांनीं यावर उपाय योजला. १९०६ च्या बेंटलेच्या कोशांत शब्द पांच अक्षरी असून कोणत्याही दोहोंत निदान दोन अक्षरांचा भेद असे. एक अक्षर बिघडल्यास होणारा शब्द कोशांत सांपडतच नसे. चूक आपोआप उघडी पडे.

अंकात्मक नभोवाणीपुढें हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. शून्य व एक यांच्या अखंड ओघांत संदेशाचा आरंभ कोठें, हें कळावें म्हणून एक ठरीव खूण पाठवितात. बार्करनें १९५३ सालीं सुचविलेली अकरा अंकांची खूण अशी आहे कीं, ती जराही सरकवून स्वतःवर ठेवली तर जुळत नाहीं. वाटेंत एखादा अंक उलटला तरी ती ओळखतां यावी, म्हणून घेणारें यंत्र थोडी सूट देतें. पण सुटीचेंही मोल आहे. सहजगत्या आलेले अकरा अंक या खुणेशीं तंतोतंत जुळण्याचा संभव २०४८ त एक. एक चूक क्षम्य मानल्यास सुमारें १७१ त एक. दोन मानल्यास ३१ त एक. म्हणून पुढील ठरल्या जागींही खूण दिसली, तरच यंत्र तिजवर भरंवसा ठेवतें.

जो एकही चूक क्षमा करीत नाहीं तो खरी खूण गमावतो. जो फार क्षमा करतो तो खोटीला फसतो. या दोहोंतून वाट काढण्यासाठीं कांहीं अक्षरें अधिक खर्चावीं लागतात. तारेच्या युगांत हा खर्च वांचविणारा व्यापारी पुष्कळदां वांचे. पण ज्या दिवशीं तो वांचत नसे, त्या दिवशीं एका टिंबाची किंमत सबंध मालाइतकी होई.