गाऱ्हाण्याला कान हवा



माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांनी समाजआरती पाहिलीच असेल. पालखी मुक्कामी येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, समजूत घालतात. ते टाळ थांबले की मगच आरती होते.

आम्हांला वाटते, राज्य चालवण्याचे मर्म यातच आहे. टाळ वाजत राहिले आणि ऐकायला कोणीच आले नाही, तर काय होते? ते पाहायला लांब जायला नको. आपल्या आगाशी-वसईचा इतिहास पुरे.

त्या काळी आगाशी हे नांदते बंदर होते. लाकडाचा व्यापार आणि जहाजबांधणी यांसाठी गावाचे नाव होते. 1530-31 साली पोर्तुगिजांनी हल्ले करून ते जाळले. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या हवाली केली आणि दोनशे वर्षांचा अंमल सुरू झाला.

त्या अंमलात रयतेची गाऱ्हाणी दोन प्रकारची होती, एक पोटाचे आणि एक देवाचे. गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना तोडून दिलेली. कसणारा आपला, धनी परका. दुसरे दुःख त्याहून खोल. देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात तर मठ झाला. 1560 साली गोव्यात धर्मन्यायालय बसले आणि त्याचा धाक उत्तर कोकणापर्यंत पोचला. उघड पूजा, लग्नाची वरात, देवाची मिरवणूक यांवर बंदी आली. वारकऱ्याने मनाशी विचार करावा: खांद्यावर पताका घेऊन भर रस्त्याने चालणे हाच गुन्हा असता तर?

मग लोक दोनशे वर्षे गप्प का बसले? कोणी गाव सोडले, कोणी मान तुकवली, कोणी घरातल्या घरात देव जपला. दुःख होते, पण आधार नव्हता. नुसत्या दुःखाने बंड होत नाही. पाठीशी कोणी उभे आहे असे दिसावे लागते. 1720 च्या सुमारास कल्याण-भिवंडी मराठ्यांकडे आली आणि तो आधार खाडीपलीकडे दिसू लागला.

मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांनी बंदी मोडून धर्मकृत्ये केली, तेव्हा त्यांचे वतन जप्त झाले. ते निसटून पुण्याला गेले. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे खटपट करीत राहिले. माणसे जोडली, वाटा-चौक्यांची बातमी काढली, पेशव्यांच्या कानी गाऱ्हाणे घातले. मोठ्या लढाईची सुरुवात अशी साध्या हेलपाट्यांनी झाली.

1737 साली ठाण्याचा कोट मराठ्यांनी घेतला. त्याच साली आपल्या शेजारचा अर्नाळाही आला; त्याच्या दरवाजावर बाजीरावांच्या नावाचा शिलालेख आजही आहे. 1739 च्या जानेवारीत तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे चिमाजी अप्पांनी वसईला वेढा दिला, तटाखाली सुरुंग पेरले, हजारो माणसे कामी आली. अखेर मे महिन्यात किल्ला शरण आला. भीमाशंकरची पोर्तुगीज घंटा त्याच विजयाची खूण म्हणून दाखवतात.

पण आम्हांला या कथेत सगळ्यांत मोलाचे वाटते ते शेवटचे कलम. शरण आलेल्यांना सामानसुमानासह जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहात लिहून दिली. भांडण जुलमाशी होते, शेजाऱ्याशी नव्हते. आगाशी-नंदाखालचे ख्रिस्ती बांधव याच मातीतले. त्यांची बोली आपली, त्यांच्या वाड्या आपल्या बांधाला लागून. त्यांच्या पूर्वजांनीही तोच अंमल सोसला. जुन्या जुलमाचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे हे वारकऱ्याचे काम नव्हे.

आज कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते, त्याच तिथीला आळंदीत माउलींचा सोहळा असतो. आगाशीच्या रस्त्याने आपण टाळ वाजवत जातो, कोणी अडवत नाही. हे फुकट मिळालेले नाही.

शंभर वर्षे दिंडी टिकली ती अशीच, एकमेकांचे ऐकत. पंगतीत कोणी मागे राहिला, मुक्कामात कोणाला जागा मिळाली नाही, बाया-बापड्यांचे कोणी ऐकले नाही, तर ती कुरकूर लहान समजू नये. घरात, गावात, दिंडीत ज्याच्या हाती चोप आहे त्याने एवढेच पाहावे, की कुठे एखादा टाळ अजून वाजतो आहे का. वाजत असेल तर आरती थांबवून आधी तिकडे जावे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!