बालकांची छायाचित्रे आणि वस्त्राआडची माता

मूल आणि छायाचित्र यांचे मूळचे सख्य नाही. छायाचित्राला निश्चलता हवी असते आणि मुलाच्या ठायी नेमकी तीच नसते. 1839 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे दागेर याची प्रकाशलेखनाची कृती जगापुढे मांडण्यात आली, तेव्हा एका प्रतिमेला कित्येक मिनिटे लागत. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, थर ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि लगोलग अंधाऱ्या खोलीत ते उमटवायचे, अशी ती खटपट होती. तीत वेळ पुष्कळ वाचला. परंतु वडीलधाऱ्यांना जे काही क्षण वाटत, ते तान्ह्या जिवाला युगासारखे असत. मान जरा वळली, की मुखाच्या जागी धुक्याचा पुंजका उमटे.

युरोप-अमेरिकेतील छायाचित्रकारांनी यावर एक तोड काढली. आईला खुर्चीवर बसवावे, तिच्या अंगावरून मस्तकापर्यंत एखादे जाड वस्त्र ओढावे आणि त्या 'खुर्चीवर' बाळाला ठेवावे. आईचे हात आतून बाळाला घट्ट धरीत. चित्र तयार झाले की बाळ तेवढे दिसे. मागे वस्त्राचा एक विचित्र उंचवटा राही, तर कधी बाळाच्या कमरेशी कुणाची तरी दोन बोटे डोकावत. आज संग्राहक अशा चित्रांना 'झाकलेली आई' याच नावाने ओळखतात. मुलाची आठवण टिकावी म्हणून आईने स्वतः अदृश्य व्हावे, हा करार त्या काळी कुणालाही वावगा वाटला नाही.

या वस्त्राआडून बाहेर येऊन ज्या स्त्रियांनी कॅमेरा स्वतःच्या हाती घेतला, त्यांत ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचे नाव अग्रभागी आहे. तिचा जन्म 1815 साली कलकत्त्यात झाला आणि तिचे लग्नही तेथेच झाले. पोटच्या सहा मुलांखेरीज नात्यातील पोरकी मुलेही तिने सांभाळली. 1863 च्या डिसेंबरात, वयाच्या 48 व्या वर्षी, लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर तिचे घर होते. तेथील कोळशाच्या खोलीची तिने अंधारखोली केली आणि काचेच्या खुराड्यातील कोंबड्या बाहेर काढून तेथे चित्रशाळा थाटली. पुढे 1874 साली लिहिलेल्या आठवणींत ती सांगते की, सुरुवातीस तिने दोन मुलांना एकत्र बसवले. सुटीवर आलेला मुलगा मदतीला होता. अर्धे काम झाले आणि त्यांतल्या एकाला हसू फुटले, सारे चित्र वाया गेले. मग तिने एकाच मुलीला बसवले आणि तू हललीस तर माझी औषधे आणि श्रम फुकट जातील, अशी तिची विनवणी केली. मुलगी हलली नाही. 1864 च्या जानेवारीतील त्या चित्राला कॅमेरॉनबाईंनी 'माझे पहिले यश' असे नाव दिले. हातात ओल्या काचा घेऊन जेवणाच्या दालनात धावत जाण्याच्या खोडीमुळे मेजावरच्या असंख्य चादरींवर कधीही न निघणारे काळे डाग पडले, असेही ती मोकळेपणाने नमूद करते. प्रपंच आणि कला यांच्यात तिने भिंत घातली नाही. कोळशाची खोली, खुराडे, जेवणाचे मेज आणि मुले यांच्या मधूनच तिची कला चालत राहिली.

तिच्याच काळातील लेडी क्लेमेंटिना हॉवर्डन हिला दहा अपत्ये झाली; त्यांतील आठ जगली. लंडनमधील आपल्या घराच्या दालनात, खिडकीच्या उजेडात, तिने वाढत्या लेकींची शेकडो चित्रे घेतली. 1865 साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ती वारली. 1939 मध्ये तिच्या नातीने 775 चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिली. पुष्कळ चित्रांचे कोपरे फाटलेले आहेत, कारण ती वह्यांतून ओढून काढलेली होती. वहीचे पान गेले की पानावरची ओळही जाते. चित्र राहते आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या निमित्ताने घेतले, हे सांगणारे कोणी उरत नाही.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. 1854 साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. गोव्यातील पेडणे महालात ज्यांचे मूळ, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होत. परंतु चित्रशाळा हा पुरुषांचा व्यवसाय राहिला. परक्या पुरुषासमोर घरच्या बायकामुलांनी बसावे कसे, ही अडचण होतीच. 'फोटो काढला की आयुष्य कमी होते' ही समजूतही घरोघर होती. जी आई दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला तीट लावी, ती त्या काळ्या नळीच्या डोळ्यासमोर बाळाला सहजासहजी कशी धरणार? इंदूरला 1866 साली सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागलेले आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ यांनी ही अडचण ओळखली. 1892 साली त्यांनी हैदराबादेत खास जनान्यासाठी, उंच भिंतींच्या आत, स्वतंत्र चित्रशाळा उघडली आणि ती एका इंग्रज बाईच्या हाती सोपवली. कॅमेऱ्यामागे स्त्री उभी राहिली, तेव्हा समोर लेकुरवाळी निःशंकपणे बसू शकली.

महाराष्ट्रात या कथेचा सर्वांत हृद्य अध्याय घडला तो फाळक्यांच्या घरात. धुंडिराज गोविंद फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला असता प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. 1902 मध्ये त्यांचा सरस्वतीबाईंशी विवाह झाला. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, त्यामागे या बाईंचे दागिने होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचे हात होते, हे तितकेसे ठाऊक नसते. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, पदराशी मुले, ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे. आणि मुले निजली की अंधारात कोऱ्या फिल्मला भोके पाडणे, औषधे कालवून ती धुणे, ही त्यांची दिनचर्या. भारतातील चित्रपटाची पहिली अंधारखोली एका गृहिणीच्या स्वयंपाकघराला लागून होती असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हरिश्चंद्राचा रोहिदास झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रीकरणाच्या वेळी खेळता खेळता तो खडकावर पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला, आणि रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग फाळक्यांनी त्याच अवस्थेत चित्रित केला, असे सांगितले जाते. ही हकीकत सहसा फाळक्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस ती ऐकताना दरवेळी अवघडल्यासारखे होते. ज्या बापाने एक अपत्य खरोखरीच मृत्यूच्या हवाली केले होते, त्याने दुसऱ्याला खोट्या मृत्यूसाठी तसेच पडू दिले, तेव्हा त्याच्या अंतःकरणात काय चालले असेल? कॅमेरा हाती घेतलेल्या प्रत्येक मातापित्यापुढे हा प्रश्न लहान रूपात उभा राहतोच. मूल रडत आहे. आधी उचलावे, की आधी चित्र घ्यावे? आमच्या मते आधी उचलावे. कॅमेरॉनबाईंचे हसण्याने बिघडलेले चित्र गेले, म्हणून जगाचे काही अडले नाही.

1919 च्या 'कालियामर्दन' मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. आरंभी ती आपल्या साध्या मुखाने नाना भाव दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ही फिल्म सुदैवाने वाचली आहे. गोकुळाष्टमीला नातवाच्या डोक्यावर मोरपीस खोवून त्याचे चित्र घेणाऱ्या आपल्या घरांना तिचे पूर्वसूत्र येथे सापडेल. पडद्यावर मंदाकिनी दिसते. तिला कृष्णरूपात पाहताना त्या घरात रात्री जागणारी आई मात्र कोठेच दिसत नाही.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला. 1900 साली एक डॉलर किमतीचा 'ब्राउनी' निघाला आणि हळूहळू तो सामान्य घरांतही पोहोचला. तेव्हापासून आई चित्र घेऊ लागली आणि म्हणून पुन्हा एकदा चित्रातून नाहीशी झाली. पूर्वी ती वस्त्राखाली होती, आता काचेमागे गेली.

देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदीत परंपरेने पुरुषांचीच नावे लागत आली. घराण्यातील आई, आजी, आत्या यांचा पुरावा पुष्कळदा जावळाच्या, मुंजीच्या, पालखीच्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर घेतलेल्या चित्रांतच सापडतो. म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. पेटीतली जुनी चित्रे काढा, आणि घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर, मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा: मूल कोण, गाव कोणते, साल कोणते. मोबाईलमधील चित्रांनाही ही काळजी हवी. तेथे चित्रांचा तोटा नाही, नावांचा आहे. आणि त्या ओळीत आणखी एक नोंद अवश्य करा: मुलाला धरले होते कोणी, आणि चित्र घेतले कोणी.