मोडशी, जुलाब आणि सोनामुखी

पोटाच्या तक्रारींवर रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात हसू पिकलं. कवीला बोलावतात ते चांदण्यावर, फार तर आईवर बोलायला. मला मात्र विषय आवडला. शौचाला साफ होत नाही, पोट धरलंय, ढाळ लागलीय, हे सगळं आपण कुजबुजत सांगतो. पण ज्या शब्दांत कुजबुजतो, त्यांत आपल्या या किनाऱ्याचा चार-पाचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

‘मोडशी’ हा शब्द घ्या. आज जड जेवण बाधलं, उलटी-जुलाब झाले की आपण ‘मोडशी झाली’ म्हणतो आणि आल्याचा रस घेऊन पडून राहतो. सोळाव्या शतकात याच शब्दानं माणसं थरथर कापत. गोव्यात १५४३ मध्ये मोठी साथ आली, तिची हकिकत लिहिताना गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकारानं हेच स्थानिक नाव नोंदवलं. पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरचा संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जात असे आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे इजाऱ्यानं होतं. या रोगाला अरब हैजा म्हणतात, इथले लोक मोडशी म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज त्याचं मोर्देशी करतो, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं आहे. मोडणे या क्रियापदातून आलेला हा शब्द. शरीर मोडून पडतं, म्हणून मोडशी. गंमत पुढेच आहे. फ्रेंचांनी तो पोर्तुगीजांकडून उचलला आणि त्यांच्या कानाला तो ‘मॉर द शियँ’ असा ऐकू आला, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’! मराठी शेतकऱ्याचा शब्द युरोपात जाऊन कुत्रा होऊन बसला.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. आमचं तारापूरही पुढे त्यांच्याच ताब्यात गेलं, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकून घेतलं. किल्ले कोणी घेतले हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. किल्ल्यातल्या शिपायाला ढाळ लागली तर त्यानं काय केलं, हे कोणी विचारत नाही. ओर्तानं लिहून ठेवलं आहे, की इथले लोक रोग्याला तांदळाचं पाणी मिरी आणि जिरं घालून पाजतात. म्हणजे आपली पेज! त्याच बरोबर पायाला डागण्या देण्याची रीतही त्यानं नोंदवली आहे, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं समजू नका. पेज मात्र टिकली. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखर-पाण्यावर हजारो जीव वाचवले. पुढे तांदळाच्या पिठाचं तसंच पाणी करूनही ते लागू पडतं, हे डॉक्टरांनी तपासून पाहिलं.

आता जुलाब. हा शब्द जन्मानं गुलाब आहे. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरबांनी त्याचं जुलाब केलं, हकिमांच्या गोड औषधी सरबताला ते नाव मिळालं, आणि ते सरबत पोट साफ करायला देता देता शब्दाची काय दशा झाली ती आपण पाहतोच. हकीम ज्याला कब्ज म्हणतो तो आणि आपल्या सातबाऱ्यावरचा कब्जा, दोघं एकाच अरबी धातूची लेकरं. धरून ठेवणं, सोडायला तयार नसणं. बद्धकोष्ठाचं याहून नेमकं वर्णन मला कवितेतही जमलं नसतं.

आमच्या दादीच्या कपाटात एका डब्यात सुकी पानं असत. ती त्यांना ‘सना’ म्हणे आणि शेजारच्या काकू ‘सोनामुखी’. पानं एकच. मुळात ती ‘सना मक्की’, मक्केची सना. मराठी कानानं मक्केचं मुखी केलं आणि सनाचं सोनं. उलटा प्रवासही झाला आहे. हकिमाच्या बरणीवरचं ‘इत्रिफल’ म्हणजे आपला त्रिफळाच, अरबस्तान फिरून परत आलेला. इसबगोल फारसी, अर्थ घोड्याचा कान. बी पाहिलंत तर पटेल. पीक मात्र आज आपल्या शेजारच्या उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरकडे निघतं. बाळघुटीच्या सहाणेवर बाळहिरडा आणि मुरडशेंग उगाळली जात असे ती दोन्ही घरांत.

ही औषधं एका जातीची नाहीत, हे लक्षात ठेवा. इसबगोल पाणी शोषून फुगतो आणि मळ मऊ करतो, म्हणून त्याच्यावर भरपूर पाणी प्यावं लागतं. सोनामुखी आतड्याला चाबूक मारते. चाबूक कधीमधी ठीक, रोज नाही.

माझ्या खालानं तो रोज मारला. तिला शौचावाटे रक्त पडत होतं. मूळव्याध असेल म्हणून ती सोनामुखीचा काढा घेत राहिली, आणि लाजेपायी दोन वर्षं कुणाला बोलली नाही. पोरींनाही नाही. डॉक्टरांकडे नेली तेव्हा आतड्यातली गाठ यकृतापर्यंत गेली होती. रक्त पडणं, वजन उतरणं, पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलणं, याला घरगुती औषध नाही. आमच्या भाषेत पोटासाठी एवढे शब्द आहेत आणि तिला त्यातला एकही आपल्या मुलीपुढे उच्चारता आला नाही, हे मला अजून सलतं.

बोईसरची तर तऱ्हाच निराळी. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, एमआयडीसी वाढली आणि माणसं पाळ्यांत जगू लागली. आतड्यालाही घड्याळ असतं. आज पहाटे, पुढच्या आठवड्यात मध्यरात्री जेवणाऱ्याचं ते बिघडतं. त्यात गाडी. १९०९ मध्ये ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशानं, फणस खाऊन पोट फुगलं, खाली उतरलो तर गाडी सुटली, अशी इंग्रजीत तक्रार लिहिली. तिच्यामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले, असं सांगितलं जातं. लोकलला ते आलेच नाहीत. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, तिथून चर्चगेट सुमारे तीन तास. नोकरीला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायका पहाटे मोकळं व्हायला वेळ नाही म्हणून तशाच निघतात, आणि वाटेत अडचण नको म्हणून पाणी पीत नाहीत. संध्याकाळी परतताना वैतरणेचा पूल मागे पडला की डब्यात बाटल्या उघडू लागतात.