बाळाच्या हेल्मेटची कुळकथा

बारशाला आलेल्या बायका बाळाचे नाकडोळे बघतात, तसा डोक्यावरूनही हळूच हात फिरवतात. डोकं छान गोल असावं ही आपल्या घरांतली जुनी हौस. त्यासाठी मोहरीची उशी शिवायची, न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेलाच्या हाताने डोकं वळवायचं आणि आजीने निजलेल्या बाळाची कूस बदलत राहायची. पण नातवंड अमेरिकेत किंवा युरोपात असेल, तर आजीला एखाद्या दिवशी व्हिडिओ कॉलवर वेगळंच काही दिसतं. पाच-सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर प्लास्टिकचं हेल्मेट! बाळ पडलं की काय, म्हणून तिच्या काळजात धस्स होतं. या हेल्मेटचं कूळ कळलं की ही भीती जाते. एवढंच नव्हे, ते घालावं की नाही हे ठरवणंही सोपं होतं.

कुळाची सुरुवात कवटीपासून. नवजात बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांना पक्की जुळलेली नसतात. म्हणून तर ती जन्माच्या अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकतात. जन्मावेळी डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाचं होईपर्यंत तो ४६ च्या आसपास जातो. ही वाढ मेंदू आतून घडवतो. वेलीवरचा भोपळा ज्या अंगाने जमिनीला टेकतो, त्या अंगाने चपटा होतो आणि बाकीच्या बाजूंनी फुगतो. बाळाचं डोकं एकाच जागी गादीला टेकत राहिलं की तसंच होतं. डॉक्टर याला 'प्लॅजिओसेफली' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ तिरकं डोकं, एवढाच.

हाडांचा हा मऊपणा माणसाने फार पूर्वीच ओळखला होता. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणारे चिनूक लोक पाळण्यातल्या बाळाच्या कपाळावर फळी बांधून ते मुद्दाम चपटं करत. चपटं कपाळ ही तिथे स्वतंत्र माणसाची खूण होती, गुलामांच्या मुलांना ती नाकारली जाई. त्याच मुलखातल्या सिॲटलमध्ये १९७९ साली उलट्या दिशेचा प्रयोग छापून आला. स्टर्लिंग क्लॅरन, डेव्हिड स्मिथ आणि जेम्स हॅन्सन या डॉक्टरांनी तिरक्या डोक्याच्या आणि मान आखडलेल्या बाळांना हेल्मेट घालून पाहिलं होतं. त्यामागचं तत्त्व साधं होतं. फुगलेल्या बाजूला हेल्मेट नुसतं टेकतं, चपट्या बाजूला पोकळी राहते आणि वाढणारा मेंदू त्या पोकळीकडे कवटी सरकवतो. म्हणजे हेल्मेट डोकं दाबत नाही, वाढीला वाट दाखवतं. म्हणूनच वाढ मंदावल्यावर त्याचा उपयोग उरत नाही.

तेव्हा हा उपाय मोजक्या बाळांपुरता होता. तो घराघरांत पोहोचला तो एका वेगळ्याच कारणाने, आणि या कुळकथेतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवण्याची रीत रुळली होती. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकातही तोच सल्ला होता. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांत पालथी झोपणारी बाळं फार आहेत, हे पुढे वेगवेगळ्या देशांतल्या संशोधनांतून दिसून आलं. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम निघाली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ मध्ये तिथेही देशभर मोहीम सुरू झाली. १९९२ मध्ये अमेरिकेत हजार जन्मांमागे १.२ बाळं अशी दगावत होती. २००१ पर्यंत हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

बाळं वाचली आणि डोकी मागून चपटी होऊ लागली. उत्तर कॅरोलायनातले शल्यविशारद लुई अर्जेंटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चपट्या डोक्यांची ही वाढ आणि उताणं झोपणं यांचा संबंध मांडला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी अशा हेल्मेटला मान्यता दिली. पुढे हेल्मेट बनवणारी केंद्रं ठिकठिकाणी निघाली आणि आईबापांसमोर प्रश्न उभा राहिला: घालायचं की नाही?

हेल्मेट रोज २३ तास घालावं लागतं, तेही काही महिने. खर्च मोठा, विमा तो उचलेलच असं नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी याची नीट चाचणी घेतली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. मध्यम ते तीव्र चपटेपणाच्या ८४ बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर हेल्मेटच्या गटातली २६ टक्के मुलं पूर्ण बरी झाली होती आणि दुसऱ्या गटातली २३ टक्के. हेल्मेटच्या गटातल्या प्रत्येक आईबापाने घाम, वास, त्वचेची आग असा काही ना काही त्रास सांगितला. बाळाला कुशीत घेताना हेल्मेट आड येतं, ही तक्रारही त्यात होती.

याचा अर्थ हेल्मेट निरुपयोगी, असा मात्र नाही. त्या चाचणीत अतितीव्र चपटेपणाची आणि मान आखडलेली बाळं घेतलेली नव्हती. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की आधी कूस बदलणं आणि मानेचे व्यायाम करावेत. त्यानंतरही मध्यम ते तीव्र चपटेपणा टिकला तर हेल्मेट सुचवावं.

म्हणून निर्णयाचा क्रम असा असावा. सर्वांत आधी बालरोगतज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी, की कवटीचा सांधा वेळेआधी जुळलेला नाही. तो जुळलेला असेल तर तो वेगळा आजार आहे आणि त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते. मग मान तपासावी. बाळ एकाच बाजूला बघत असेल तर व्यायाम लगेच सुरू करावेत. जागेपणी, कुणीतरी समोर बसून, बाळाला दिवसातून अनेकदा पालथं खेळवावं. दूध पाजताना हात बदलावा, पाळण्यात डोक्याची बाजू बदलावी. बाळ मान धरू लागलं, बसू लागलं की डोक्यावरचा भार आपोआप कमी होतो. सौम्य चपटेपणा बहुधा तिथेच ओसरू लागतो. चपटेपणा मोठा असेल आणि सहाव्या महिन्याच्या सुमारासही हलत नसेल, तर हेल्मेटचा विचार त्याच वेळी करावा, वर्षानंतर नव्हे.

आपल्या मोहरीच्या उशीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. बाळाच्या डोक्याला आकार देणाऱ्या उश्या वापरू नका, त्यांनी श्वास कोंडू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला. ज्या उशीमागे आजीची माया आहे, तीही निजलेल्या बाळाखाली नको.

आणि ज्या आईला बाळाचं चपटं डोकं पाहून अपराधी वाटतं, तिच्यासाठी एक शब्द. चपटेपणामुळे मेंदू दबतो याला पुरावा नाही. तुम्ही बाळाला रोज रात्री उताणं निजवलंत, म्हणजे त्याचा जीव जपलात. हेल्मेट घाला अगर घालू नका, झोपेची ती पद्धत मात्र एका रात्रीपुरतीही बदलू नका.