शिवराई

पैसा म्हटला की माणसाला आधी तो कमी असल्याची आठवण होते. आम्हा बँकेतल्या कारकुनांना मोजण्याची होते. दिवसभर दुसऱ्याचा पैसा मोजून झाल्यावर स्वतःचा मोजायला मिनिटही लागत नाही. मग उरलेल्या वेळात मी जुना पैसा बघतो. तो निदान खर्च होत नाही.

आमच्या आटपाडीकडे कुणाकुणाच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी एखादी शिवराई असते. तांब्याची, जाड, काळवंडलेली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. राज्याभिषेक १६७४ सालचा. पुढे महाराज गेले, सातारा-कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, पेशवे आले, १८१८ साली तेही गेले; शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालतच होती. आमच्याकडे मॅनेजर बदलला की रबरी शिक्के बदलतात. इथं राज्य बदललं तरी लोकांनी शिक्का सोडला नाही!

बरं, शुद्धलेखन म्हणाल तर आनंद. कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं 'सीव'. हातोड्यानं ठोकलेलं नाणं, त्यामुळे एखादं अक्षर काठाबाहेरच राहून गेलेलं. चेकवर एवढी गडबड असली तर आम्ही तो परत पाठवतो. लोकांनी शिवराई परत केली नाही. ते नाव वाचत नव्हते, ओळखत होते.

तिकडे व्हिएतनाममध्ये पैसा ठोकत नसत, साच्यात ओतत. मधोमध चौकोनी भोक. दोरीत ६०० पैसे ओवले की एक 'क्वान' झाला. काय सोयीची कॅश! बाओ दाई हा त्यांचा शेवटचा बादशहा. त्यानं १९४५ साली गादी सोडली. त्याच्याही नावाचे असे पैसे निघाले. भोकाचा पैसा आपल्याकडेही १९४३ ते १९४७ या काळात पाडला गेला, पण ते भोक महायुद्धात धातू वाचवायला. त्यांचं भोक मोजणीसाठी, आपलं काटकसरीसाठी!

शिवराईचा घात मात्र भांड्यांनी केला. चलनातून गेल्यावर ती वजनावर मोडीत निघाली. किती हंड्या-घागरींत महाराजांचं नाव वितळलं, त्याचा हिशेब कुठल्याच खातेवहीत नाही.

२०११ च्या जूनअखेर चार आणे आणि त्याखालची नाणी सरकारनं बंद केली. आता तर पैसा फोनमधून 'टुंग' करून जातो. त्याला भोक नाही, नाव नाही आणि देव्हाऱ्यात ठेवायची सोयही नाही. तेव्हा घरात शिवराई असेल तर मोडीत घालू नका. आणि दसऱ्याला चिंच लावून चकचकीतही करू नका. इतक्या राज्यांना जे नाव पुसता आलं नाही, ते आपल्या स्वच्छतेनं जायचं!