किराणा आणि परवाना : बीदरच्या सीमाभागातील दुकानदारी

चिंताकी हे कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातले होबळीचे गाव. तालुक्याच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला तेलंगण. बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडतात. या भागातील किरकोळ व्यापाराच्या दोन शाखा फार काळ एकमेकींपासून अलग राहिल्या. किराणा हा घराण्याचा धंदा होता. बापामागे मुलगा गादीवर बसे. दारूविक्री हा सरकारी गुत्ता होता. मुदत संपली की दुकान दुसऱ्याकडे जाई. दारूचे दुकानही किराण्यासारखे वारसाने चालू लागले, ते अलीकडच्या काळात.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. किराणा दुकाने प्रामुख्याने लिंगायत वाणी, कोमटी आणि मारवाडी घराण्यांची असत. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, त्यामुळे मीठही बाहेरून येई आणि बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी म्हणजे जकात बसे. व्यवहार निजामाच्या हाली सिक्क्यात चालत. शंभर कलदार (ब्रिटिश) रुपयांना साधारण ११६ हाली रुपये मोजावे लागत, म्हणून संस्थानाबाहेरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला दोन्ही नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. १९३० च्या आसपास विकाराबाद–बीदर–परळी लोहमार्ग झाला आणि भालकी, कमालनगर, उदगीर ही स्थानके मालाच्या चढउताराची ठिकाणे बनली. गूळ, साखर, रॉकेल, चहा, काडेपेट्या तिथे उतरत आणि बैलगाडीने खेड्यांत पोचत. परतीच्या गाडीत तूर, मूग, उडीद, करडई भरली जाई.

दुकानाचा खरा आधार उधारी होती. बाया सुपात ज्वारी आणून तिच्या बदल्यात तेल-मीठ नेत. तेल पळीने, सुपारी-मसाला छटाक-नवटाकाने, धान्य शेर-पायलीने मोजले जाई. घाऊक खरेदीत १२० शेरांचा पल्ला चाले. रोजची देवघेव रोजमेळात आणि तिथून खतावणीत उतरे. पेरणीपासून सुगीपर्यंतचे खाते सुगीला धान्याने फिटे, आणि दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली जाई. एकच माणूस दुकानदार, अडत्या आणि सावकार असे. अडीनडीला तोच घर सावरी, आणि व्याज थकले की शेतावर बोजाही तोच चढवी. बाजारातील मापे आणि अडत यांना शिस्त लावण्यासाठी संस्थानाने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, शेतमाल बाजार कायदा केला.

दारूची व्यवस्था याहून अगदी निराळी होती. जमीन महसुलाखालोखाल अबकारी हे संस्थानाच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होते. ताड-शिंदीच्या झाडांवर कर होता आणि ताडी-शिंदी व मोहाची दारू विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. जास्त बोली लावणारा गुत्तेदार दुकाने चालवी. झाडे छेदण्याचे काम ईडिगा-गौड समाजाकडे आणि विक्री बहुधा कलालांकडे असे. किराणा घराणी या धंद्यापासून दूर राहत, कारण लिंगायत आचारात मद्य वर्ज्य होते आणि इतर वाणी घरांतही त्याला प्रतिष्ठा नव्हती. शिवाय मुदतीच्या गुत्त्यावर पिढ्यांचा धंदा उभारणे अवघडच होते.

१९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात राज्याच्या अबकारी आणि करोडगिरी या दोन्ही उत्पन्नांवर घाव घातला गेला. सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली आणि करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. त्या वर्षांत निजामसमर्थक रझाकारांच्या भीतीने सीमेवरच्या गावांतील अनेक कुटुंबे, त्यांत दुकानदारही, घरदार सोडून गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे हाली नाणे व करोडगिरी दोन्ही संपली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके मुंबई राज्यात, नारायणखेड व जहिराबाद आंध्र प्रदेशात आणि बीदर, भालकी, हुमनाबाद व संतपूर (पुढचा औराद) म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेले. एकाच जिल्ह्यातली बाजारपेठ तीन राज्यांच्या कायद्यांखाली आली. ज्या उदगीरच्या मोंढ्यावर औरादची दुकानदारी चाले, तो आता परराज्यात होता. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. त्यामुळे धान्याची सीमा जशी ओलांडता येई, तशी दारूची येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला आणि शेर-पायली हिशेबातून हळूहळू मागे पडली.

म्हैसूर राज्याने १९६५ चा अबकारी कायदा आणि १९६८ चे देशी-विदेशी मद्यविक्रीचे नियम केले. त्यांतून सीलबंद बाटल्या विकणाऱ्या दुकानासाठी सीएल-२ आणि बारसाठी सीएल-९ असे परवाने रूढ झाले. अराक या गावठी दारूचे गुत्ते मात्र लिलावानेच जात राहिले. १ जुलै २००७ रोजी कर्नाटकाने अराकावर बंदी घातली आणि लिलावाची ती जुनी परंपरा संपली.

परवान्याची गोष्ट वेगळी होती. तो दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण करता येई आणि धारक वारल्यास वारसाच्या नावे होई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नवे सीएल-२ परवाने देणे बंद झाल्यावर जुन्या परवान्याची किंमत वाढत गेली. शेतीवाडीसारखाच तो कुटुंबाच्या वाटणीत येऊ लागला. व्यापारी घरांचा जुना संकोचही ओसरला. एक भाऊ किराणा पाहतो आणि दुसरा ‘वाइन शॉप’, अशी वाटणी त्यामुळे शक्य झाली. पाटीवर वाइन लिहिलेले असले तरी आत विक्री मुख्यतः व्हिस्की, रम, ब्रँडी आणि बिअरची असते. २००३ पासून घाऊक पुरवठा कर्नाटक राज्य पेय महामंडळाकडे आहे. दुकानदाराला माल महामंडळाच्याच आगारातून उचलावा लागतो.

कायद्याने या दोन धंद्यांमधली भिंत कायम ठेवली आहे. २०१७ च्या जीएसटीत किराणा आला, पिण्याचे मद्य बाहेर राहिले. त्यामुळे एका घरातही दोन हिशेब ठेवावे लागतात. दोन्ही एका छताखाली आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. २७ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकायला मान्यता दिली. द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळावा हा हेतू होता, पण विरोधामुळे निर्णय अमलात आला नाही. खेड्यातली किराणा दुकाने त्या क्षेत्रफळाच्या अटीत क्वचितच बसली असती. सीमाभागात म्हणूनच दोन्ही दुकाने आजही स्वतंत्र आहेत: एक गिऱ्हाइकांच्या विश्वासावर आणि उधारीच्या वहीवर चालते, दुसरे सरकारने दिलेल्या परवान्यावर.